गप्प झालेलं इंजिन

"त्याच्याकडे गाडी द्या आणि पायी चालायची सवय लावून घ्या," असं आमच्या गल्लीतले लोक त्या मिस्त्रीबद्दल म्हणत. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं म्हणणं असं, की हा माणूस गाडी दुरुस्त करत नाही, तिची समजूत काढतो. मिस्त्रीच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द 'थांबा' हा असल्यामुळे त्याचं नावच थांबा-मिस्त्री पडलं होतं. ते त्याला ठाऊक होतं. त्याबद्दल त्यानं कधी राग धरला नाही, आणि कामाचा वेगही वाढवला नाही.

माझी थोरली बहीण परिचारिका आहे. दवाखान्याच्या वतीनं ती घरोघरी जाऊन रुग्ण बघते. तिची फेरी टेकडीवरच्या वस्तीत असते. तिथे अकरा घरं आहेत आणि त्यांपैकी कुणालाही खाली उतरून दवाखान्यात येणं शक्य नाही. एक पाथरवट कमरेखाली लुळा होऊन चार वर्षं अंथरुणावर आहे. एका म्हातारीला दिसत नाही आणि तिला ठरलेल्या वारी इंजेक्शन लागतं. ताईची गाडी जुनी. तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेली. ती गाडी गेले पाच महिने मिसिंग मारत होती.

मिसिंग हा गॅरेजवाल्यांचा शब्द. चार सिलिंडरांपैकी एखादा मधूनच काम सोडतो, गाडीला हुंदके बसतात, चढावर तिचा जीव जातो. ताईनं गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या संगणकानं तिसरा सिलिंडर दोषी ठरवला. त्याचा प्लग बदलला. तीन आठवड्यांनी दुखणं परत आलं. मग कॉइल बदलली, मग इंजेक्टर. दर वेळी गाडी सकाळी हसतखेळत बाहेर पडायची आणि काही दिवसांनी टेकडीवर रुसून बसायची. शेवटी तिथल्या मुख्य कारागिरानं सांगितलं, "मॅडम, हिचं वय झालं. आता भंगारात द्या."

दोनदा ताई वस्तीतल्या शेवटच्या घरांत उशिरा पोचली. तिसऱ्यांदा म्हातारीच्या घरापर्यंत पोचलीच नाही. त्या दिवशी म्हातारीचं इंजेक्शन चुकलं. दवाखान्याच्या साहेबांनी ताईला बोलावून शांतपणे सांगितलं, की सोमवारी ते स्वतः तिच्यासोबत येतील. गाडी अडली, तर टेकडीवरची फेरी बंद. दुसरी गाडी दवाखान्याकडे नव्हती. घेण्याची ऐपत ताईकडे नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं थांबा-मिस्त्रीकडे गेलो, ते दुसरं दार उरलं नव्हतं म्हणून.

त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले, जमीन जेवायला बसावं इतकी स्वच्छ. आतल्या अंगाला त्याचं राहतं घर. मिस्त्री साठीचा, किडकिडीत. वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी ताईला 'काय होतं?' असं विचारलं होतं. यानं विचारलं, "कधी होतं?"

"कधीही होतं," ताई वैतागून म्हणाली.

"कधीही काही होत नसतं, सिस्टर. सकाळी निघताना होतं?"

"नाही."

"चढताना?"

"पहिल्यांदा चढताना नाही. वर पोचून दोन-तीन घरं झाली की."

"आणि वर्कशॉपमध्ये गाडी कधी द्यायचात?"

"संध्याकाळी ठेवायचे. ते सकाळी बघायचे."

मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणजे रात्रभर निजून उठलेल्या माणसाला विचारायचे, दमलास का? चला. गाडी ठेवून जाऊ नका, मला घेऊन चला."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "सिस्टर, डबा घेऊन जा बरं! लग्नाला हो म्हणायला यांनी एकोणीस दिवस घेतले होते."

"आणि तू अर्ध्या मिनिटात हो म्हणालीस," मिस्त्री म्हणाला. "तेव्हापासून बोलते आहेस."

ताई चालवत होती, तो शेजारी, मी मागे. त्यानं डोळे मिटून एक तळवा गिअरच्या दांड्याजवळ टेकवला आणि टेकडी चढेपर्यंत तसाच ठेवला. गाडी तक्रार न करता चढली. वर पोचल्यावर त्यानं इंजिन चालूच ठेवायला लावलं, वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. पट्टी त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. धुराच्या प्रत्येक फुंकरीसरशी ती बाहेरच्या बाजूला फडफडत होती.

"काय बघताय?" मी विचारलं.

"थांबा."

गावी विहिरीवरच्या इंजिनाशी कान लावून बसणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. पुढे शिकलो, शहरात आलो, आणि ज्ञान पुस्तकात असतं हे मनात पक्कं बसलं. त्या शनिवारी मी एका माणसाला चाळीस मिनिटं कागदाच्या पट्टीकडे बघताना पाहिलं. त्याचा हात हलला नाही. वस्तीतली दोन माणसं येऊन बघून गेली. त्यांतल्या एकानं ताईला हळूच विचारलं, "बरे आहेत ना हे?"

मग इंजिनाला पहिला हुंदका आला, आणि त्याच क्षणी ती पट्टी उलटी फिरून सायलेन्सरच्या तोंडाला चिकटली. निमिषभरच. लगेच सुटून पुन्हा फडफडू लागली. थोड्या वेळानं पुन्हा चिकटली.

जे यंत्र फक्त बाहेर फुंकतं, ते आत ओढत होतं.

"श्वास उलटा घेते ही," मिस्त्री पुटपुटला. "आता हजेरी घेऊ."

त्यानं बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनावरच्या, ठिणगी देणाऱ्या चार कॉइलींची जोडणी एकेक करून काढली आणि परत लावली. पहिली काढली, इंजिन लडखडलं. "हजर." दुसरी काढली, लडखडलं. "हजर." तिसरी काढली. काहीच फरक पडला नाही. मुळात तो सिलिंडर काम करतच नव्हता. चौथा हजर होता.

"हे तर संगणकानंही सांगितलं होतं. तिसरा," ताई म्हणाली.

"संगणकानं नाव बरोबर सांगितलं. तो का येत नाही, ते कुणी विचारलं नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे. पण याचं दार नीट लागत नाही. धूर बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह गरम झाला की उघडा राहतो."

"मग आत्ताच करा!"

"थांबा. गार झाल्याशिवाय माप घेता येत नाही. गाडी रात्रभर माझ्याकडे राहू द्या, उद्या सकाळी या."

ताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सोमवारला मध्ये एकच दिवस होता. मिस्त्रीनं ते पाहिलं आणि आपली मान दुसरीकडे वळवली.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा इंजिनाचं वरचं झाकण काढलेलं होतं. ओळीनं बसलेले, व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दांडे, त्यांवर तेलाची तकाकी. तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर ते एका क्षणाची सुट्टी न घेता उघडझाप करत आले होते, हे डोळ्यांनी बघताना मला आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत असं वाटलं. मिस्त्रीच्या हातात पोलादी पात्यांचा एक जुडगा होता. काही पाती कागदाहून पातळ. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात ठरावीक फट लागते, आणि ती या पात्यांनी मोजतात. पहिल्या सिलिंडरला पातं अलगद सरकलं. तिसऱ्याला सरकेना. त्यानं जुडग्यातलं सर्वांत पातळ पातं घेतलं. तेही आत जाईना.

"सिस्टर, ही गाडी पूर्वी टकटक करायची?"

"हो, बारीक. शिवणयंत्रासारखी."

"मग कधी थांबली?"

ताई विचारात पडली. "दोनेक वर्षं झाली. मला वाटलं, बरं झालं. म्हातारपणी इंजिन सुधारलं. सगळे म्हणायचे, किती गप्प आहे तुमची गाडी."

"ती टकटक म्हणजे ही फट. वयानं बाकी सगळं सैल होतं, पण हे घट्ट होत जातं. व्हॉल्व्ह झिजत झिजत वर सरकतो आणि फट संपते. गार असताना कसंबसं दार लागतं. तापलं, की लोखंड वाढतं आणि दार उघडं. गाडी गप्प झाली, ते दुखणं होतं." त्यानं व्हॉल्व्हच्या कडेवर बॅटरीचा उजेड टाकला, प्लगच्या भोकातून बारीक आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "जळला नाहीये अजून. आणखी महिनाभरात जळला असता."

पुढचं काम अर्ध्या तासाचंही नव्हतं. एक नट सैल करायचा, स्क्रू केसभर फिरवायचा, पातं सरकवून बघायचं, नट आवळायचा. स्क्रू फिरवताना त्यानं श्वास रोखून धरला होता. पाहता पाहता आम्हीही.

किल्ली फिरवली आणि इंजिन टकटक बोलू लागलं. शिंपी दुकानातून ओरडला, "अहो, चांगली गाडी बिघडवली की यांनी!"

सोमवारी साहेब ताईच्या शेजारी बसून वर गेले. अकरा घरांपुढे गाडी अकरा वेळा बंद झाली आणि अकरा वेळा चालू झाली. भर दुपारी, इंजिन तापून लाल असताना, पाथरवटाच्या दारातून ती चढाकडे तोंड करून निघाली आणि चारही सिलिंडर सलग ओढत वर गेली. म्हातारीचं इंजेक्शन वेळेत झालं. उतरताना साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की पुढच्या महिन्याचा फेरीचा तक्ता ताई कधी देणार.

संध्याकाळी ही बातमी सांगायला मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री पाने पुसून भिंतीवर लावत होता. मी सहसा कुणाची तोंडावर स्तुती करत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हणालो, इतक्या लोकांना जे कळलं नाही, ते तुम्हाला कळलं. असा कान मी आजवर पाहिला नाही.

त्यानं हातातला पाना खिळ्यावर अडकवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कान कसला? गेल्या वर्षी पंख्याचा पट्टा बदलायला हीच गाडी माझ्याकडे आली होती. इंजिन गप्प आहे म्हणून मीच सिस्टरांचं कौतुक केलं. त्या म्हातारीचं इंजेक्शन चुकलं, त्यात मी पण आहे. सांगत फिरणार असाल, तर हेही सांगा."