तिकडच्या वाडीला पाठवलेल्या गोधड्या

परदेशी मदतीने विकसनशील देशांचं नेमकं काय भलं होतं, यावर मी बारा वर्षं अहवाल लिहिले. पण ती मदत मान ताठ ठेवून घ्यायची कशी, हे उभ्या पुण्यात एकाच बाईंना कळलं होतं, आणि त्यांनी माझा एकही अहवाल वाचलेला नव्हता. सगळे त्यांना आपा म्हणत. विश्रांतवाडीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत आमच्या संस्थेचा शिवणवर्ग चाले, आपा तिथे शिकवत, आणि वर्गाचा खर्च येई युरोपातल्या एका लहानशा गावातून. तिथली वयस्क मंडळी घरी केलेले केक विकून आमच्यासाठी निधी जमवत. त्या गावाचं नाव आपांच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या त्याला सरळ 'तिकडची वाडी' म्हणत.

मदत घेणाऱ्याने कसं दिसावं, कसं बोलावं याचे जे काही अलिखित नियम असतात, ते आपांनी एकेक करून मोडले होते. अहवालासाठी फोटो काढायचा म्हटलं की त्या वर्गातल्या सगळ्या बायकांना ठेवणीतल्या साड्या नेसून बोलावत. जरा साधे कपडे चालतील, असं मी एकदा चाचरत सुचवलं, तेव्हा म्हणाल्या, "गरीब दिसायचंय होय? ते आम्हाला कधीही जमेल. आज नटू द्या." एकदा मी भरायला दिलेल्या फॉर्मवर त्यांनी बोट ठेवलं. "लाभार्थी म्हणजे कोण हो?" मी म्हटलं, "ज्यांना योजनेचा लाभ होतो ते." आपांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मग पहिलं नाव तुमचं घाला. नोकरी तुम्हाला लागलीय." तिकडून एकदा कौतुकाने विजेवर चालणारं भरतकामाचं मशीन आलं. त्याच्या सुया पुण्यात कुठेही मिळेनात. आपांनी त्यावर चादर घालून इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आणि आभाराच्या पत्रात लिहायला लावलं, की टेबल फार मजबूत आहे. (ते वाक्य मी अर्थातच गाळलं.) तपासणीला आलेल्या एका गोऱ्या साहेबांच्या हातात त्यांनी परकराची उसवलेली शिवण दिली होती. बिचारे अर्धा तास घाम गाळत बसले. आपांनी टाके पाहिले, सगळे उसवले आणि मला म्हणाल्या, "यांना सांगा, मन लावून केलं तर येईल."

अशात एका पावसाळ्यात पत्र आलं. तिकडे नदीला पूर येऊन बऱ्याच घरांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे आमच्या पत्रांना उत्तर द्यायला उशीर होईल, इतकंच त्यात होतं. मी वर्गात सहज सांगितलं. आपांचं मशीन थांबलं.

"मग आपण काय पाठवतोय?"

मी हसलोच. "अहो आपा, त्यांना काय कमी आहे? तिथे सरकार आहे, विमा आहे."

"अंथरुणं-पांघरुणं भिजली असतील ना? विमा अंगावर घेतात का?"

तीन आठवड्यांत बायकांनी अकरा गोधड्या शिवल्या. विरलेला एकही तुकडा आपांनी लागू दिला नाही. एकीचं काम तर तिरपा टाका पडला म्हणून दोनदा उसवायला लावलं. मग भलंमोठं गाठोडं घेऊन, दोन बस बदलून, त्या कर्वेनगरला आमच्या ऑफिसात आल्या. सोबत मराठीत लिहिलेली चिठ्ठी होती, मी तिचं इंग्रजी करायचं होतं. 'तुमच्याकडे पाणी शिरल्याचं कळलं. घाबरू नका. आम्ही आहोत.'

ते गाठोडं मी पाठवलं नाही. मला त्याची लाज वाटली. जुन्या साड्यांची ती रंगीबेरंगी पांघरुणं पाहून तिकडचे लोक काय म्हणतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर याहून वाईट कारण होतं: मदत घेणाऱ्या बायकाच मदत पाठवू लागल्या, तर पुढच्या अर्जात मी त्यांना गरजू कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? गाठोडं कपाटावर गेलं. महिन्याभराने आपांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पोचल्या. फार आवडल्या त्यांना." एवढ्यावर भागलं नाही. कोणाची गोधडी कोणाला मिळाली, हे बायकांना हवं होतं. मग लाल काठाची शाळेच्या बाईंना मिळाली, हिरवी एका आजोबांना, असं मी सुचेल तसं सांगत गेलो आणि बायका टाळ्या वाजवत राहिल्या.

पुढच्या वर्षी तिकडच्या वाडीतून एक उंच, पिकल्या केसांच्या बाई भेटीला आल्या. दुभाषा मीच. आपांनी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "गोधड्यांनी ऊब आली का?" मी इंग्रजीत विचारलं, "पुरानंतर थंडी फार होती का?" बाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात दंडांवर चोळले आणि कुडकुडून दाखवलं. मी मराठीत म्हणालो, "खूप ऊब आली, म्हणतायत."

आपांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी शेजारी घडी करून ठेवलेली नवी गोधडी उचलली आणि स्वतःच्या हाताने बाईंच्या खांद्यांवर घातली. बाई तिच्यावरून हात फिरवत बराच वेळ बोलल्या, पण त्याचं मराठी मला धड करता आलं नाही. त्या गेल्यावर आपा जिन्यात मला थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "ऑफिसातच आहेत ना? कसर नाही ना लागली?" मी मान हलवली. "उद्या आणून द्या. आणि वर बायकांना काही सांगू नका. फार मनापासून शिवल्यात त्यांनी." दुसऱ्या दिवशी मी गाठोडं पोचवलं. त्यांनी ते पुढे कोणाला दिलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काही वर्षांनी तिकडची मंडळी थकली, निधी थांबला, मीही ती नोकरी सोडली. मध्यंतरी आळंदी रस्त्याने जाताना आपांच्या वरच्या खोलीतून मशीनचा आवाज आला, म्हणून वर गेलो. वर्ग चालूच होता; आता बायका आपसांतच तो चालवत होत्या. आपांचे डोळे अधू झाले होते, पण टाका बोटाने तपासत होत्या. चहा आला. एक जुनी विद्यार्थिनी नव्या मुलींना अभिमानाने सांगत होती, की पूर आला तेव्हा आम्ही परदेशाला मदत केली होती, अकरा गोधड्या पाठवल्या होत्या. मुलींना ते खरं वाटेना. त्यांनी आपांकडे पाहिलं.

"हो तर," आपा म्हणाल्या. "यांनीच पाठवल्या."

आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.