जावयांनी मोकळी केलेली जागा

जामनेरहून थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्काचे जावई आले. मी बाजारात गेलो तेवढ्यात त्यांनी माझा कॉम्प्युटर 'साफ' केला. कुणी सांगितलं होतं? विंडोजला डिस्कचा जो भाग वाचता येत नव्हता, तो रिकामा समजून उडवला आणि शेजारच्या ड्राइव्हला जागा वाढवून दिली. अहो, त्या भागात विंडोजच्या जोडीला ठेवलेली माझी दुसरी सिस्टीम, लिनक्स होती, आणि कॉम्प्युटर सुरू करून देणारा बूटलोडरही तिथेच! बटण दाबतो तर काळा पडदा, त्यावर 'ग्रब रेस्क्यू', बस्स.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कॉम्प्युटरात अक्काने पूर्वी गाऊन रेकॉर्ड केलेली, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी होती. घशाच्या ऑपरेशननंतर अक्काचा आवाज गेला तो गेलाच. उरला होता तो त्या गाण्यांतच. आणि रविवारी धुळ्यात आमच्या घरी कानबाई बसणार होती.

बरं, बोलायची सोय नाही. मी तोंड उघडलं की आई म्हणे, "जाऊ दे रे भाऊ, जवाई शे तो." जावई आत निवांत मांडे हाणत होते.

कॉम्प्युटर दुकानात नेला. "फॉर्मेट मारून देतो, काका."

"आणि आतलं?"

"ते जाईल ना."

जाईल ना काय! किल्ली हरवली म्हणून कुणी घर पाडतं का? ताप असो की खरूज, यांच्याकडे औषध एकच. तसाच उचलून घरी आणला.

शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून मशीन चालू केलं आणि बूटलोडर नव्याने बसवायची कमांड दिली. पहिल्यांदा फिसकटलं. जावयाला मनातल्या मनात नको नको ते बोललो. पुन्हा दिली, आणि विंडोज उघडलं! लिनक्स गेलं, पण विंडोजच्या भागातली गाणी जागच्या जागी होती. मी खुर्चीतच रडलो, त्यात लाज कसली?

रविवारी संध्याकाळी बायका जमल्या. स्पीकरमधून अक्काचा आवाज आला तशा सगळ्या तिच्यामागे म्हणू लागल्या. अक्काचे नुसतेच ओठ हलत होते. तेवढ्यात जावई मोठ्याने म्हणाले, "बघा मामा, जागा मोकळी केली म्हणून कसं झटपट चालतंय!"

मी उसळलोच, पण आईने माझा हात दाबून धरला. अक्काने मात्र मान वळवली, जावयाकडे डोळे वटारून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

अक्का गात राहिली.