निकेशचा जुना कोड

ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये बसून निकेशनं आठ वर्षांपूर्वी एक मेसेजिंग अॅप एकट्यानं लिहिलं होतं. गडचिरोलीच्या आतल्या गावांत फिरणाऱ्या नर्सबाया त्यावरून रुग्णांची माहिती डॉक्टरांना पाठवत. प्रत्येक मेसेज कुलूपबंद जायचा. तो उघडायची सांकेतिक किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनात असे आणि दर काही दिवसांनी बदले, त्यामुळे मधल्या कुणालाच तो वाचता येत नसे.

मग कोड जुना झाला, नव्या फोनवर अॅप अडखळू लागलं. तो आता नोकरीला होता त्या नागपूरच्या छोट्या कंपनीनं सगळं नव्या संगणकभाषेत लिहायला आरमोरीच्या दिव्यानीला घेतलं. तिच्या घरी धानाची शेती, आणि ही नोकरी पहिलीच. तिला जुना कोड समजावण्याचं काम निकेशकडे आलं.

ती पटापट शिकली, हेच त्याला खुपलं. त्यानं पानभर लिहिलेलं ती दहा ओळींत बसवायची. कंपनीचे अंकुश सर मीटिंगमध्ये म्हणायचे, "आता कसं, वाचता तरी येते!" घरी बायको मंजुषा सहज बोलून गेली, "पोरगी हुशार दिसते." त्या दिवशी निकेश अर्ध्या ताटावरून उठला.

एकदा दिव्यानीनं फोन करून विचारलं, "भाऊ, किल्ली बदलल्यावरही जुनी किल्ली फोनात काऊन ठेवली? धोका नाई का?"

कारण निकेशला पक्कं ठाऊक होतं. भामरागडकडे दोन-दोन दिवस रेंज नसते. उशिरा पोचलेला मेसेज जुन्या किल्लीनंच उघडतो.

"तवा असंच लिवलं होतं," तो म्हणाला. "काढून टाक."

चाचणीसाठी काही नर्सबायांना नवं अॅप दिलं. भामरागडकडच्या धुरपताबाईंनी कळवलं, "मेसेज येऊन राह्यले, पण उघडत नाई." सरांनी दिव्यानीला सगळ्यांसमोर झापलं. निकेश गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. मनात मात्र गारगार वाटत होतं.

दिव्यानी एसटीनं धुरपताबाईंच्या गावी जाऊन राहिली. परतल्यावर मीटिंगमध्ये म्हणाली, "सर, भाऊचा जुना कोडच बरोबर होता. मीच खोलात नाई गेली." वर तिनं नवी सोयही करून आणली होती. वाटेत अडकलेले मेसेज उघडून झाले की जुनी किल्ली आपोआप पुसली जायची. निकेशला एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

"वा, निकेश!" सर म्हणाले. ते कौतुक घेणं त्याला जमेना.

"तिनं जुन्या किल्लीचं इचारलं होतं, सर. मले मालूम होतं. तरी मीच काढ म्हटलं."

मीटिंग संपताच दिव्यानीनं त्याला गाठलं.

"काऊन, भाऊ?"

"तुह्यावर जळत होतो."

"अन् आता?"

"आताही."

"मंग जळा," ती म्हणाली. " पण इचारलं तं सांगत जा."

अॅपचं काम आता दिव्यानी बघते. निकेशचा कोडही तीच तपासते आणि तिनं चूक काढली की त्याचे कान तापतात. गेल्या महिन्यात तिच्याच कोडमध्ये त्याला एक चूक सापडली. त्यानं ती लगेच कळवली, आणि दिवसभर खुशीत राहिला.