पॉइंटमधली फट

बिबवेवाडीत एक म्हातारे मेकॅनिक जुन्या गाड्यांचं वायरिंग करायचे. आयटीतली पोरं आजोबांची फियाट घेऊन येत आणि ते प्रत्येकाला एकच सांगत, "पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा."

मी मात्र माझ्या गाडीत ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटवरच अडून बसलो.

मग ते बॉनेटखाली वाकले. दोन पॉइंटमधल्या बारीक फटीत ब्लेडचं पातं घालून अंतर जुळवायचं होतं, पण पातं दर वेळी बाजूलाच लागत होतं. शेवटी शर्टाला हात पुसत ते पुटपुटले, "किट चांगलं म्हणून नाही सांगत हो. फट दिसत नाही आता." माझ्याकडे न बघता त्यांनी पातं पुढं केलं. "तुम्हाला दिसते का?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की उभ्या उभ्याच म्हणालो, "मलाही नाही दिसत. बसवा किट."

"निदान वाकून बघायचं तरी," ते म्हणाले.