उमेराची स्पॅनिश अन् आमचं ‘हो सर’

आमच्या शेजारच्या गनीभाईची उमेरा शिकायले स्पेनले गेली, तेव्हापासून आमच्या गल्लीत स्पेन म्हणजे बाभुळगावच्या पुढचंच एखादं गाव झालं आहे. कोणीही फाटकातून डोकं घालते अन् विचारते, "काकू, तिथं आता किती वाजले?" मी सांगते. सारी नोकरी मी ट्रेझरीत काढली, आकडा एकदा डोक्यात बसला की निघत नाही. माहं नाव रत्नप्रभा, पण यवतमाळात मले सगळे काकूच म्हणतात अन् माह्या तोंडाले भितात. भ्यायलाच पाहिजे.

तं मी उमेराचं सांगून राह्यली. मधात टोकू नका, पण हं हं करत जा, नाही तं मले वाटते मी भिंतीशी बोलून राह्यली.

अब्दुल गनीभाई कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. तिची माय सुग्राबी. पोरगी लहानपणापासून बापाचा डबा घेऊन जिनिंगात जायची अन् तिथंच बसून राहायची. सरकी इकडं, रुई तिकडं, सगळ्या अंगावर पांढरा भुस्का. घरी आली की सुग्राबी आधी तिले अंगणात झटकायची, मग आत घ्यायची. बारावीले चांगले मार्क पडले, तं सगळे नातेवाईक मागं लागले, कॉम्प्युटर घे, कॉम्प्युटर घे. ही म्हणे, "कॉम्प्युटर सगळेच घेऊन राह्यले. कापूस कोण घेईन?" अन् घेतलं टेक्स्टाइल. असा ठसका! मले तं ती तेव्हाच आवडली, म्हणजे जास्त आवडली.

पुढं स्कॉलरशिप लागली अन् गेली स्पेनले. तिथं एक डोंगरातलं गाव आहे, जुन्या गिरण्यांचं. त्यातली एक गिरणी जुन्या फाटक्या कपड्यांचा परत कापूस करते अन् त्याचा नवा धागा काढते. उमेरा गेली ती त्या गिरणीसाठी. जिनिंगात जो आखूड धागा वाया जाते, कचऱ्यात जाते, त्याचं काय करता येईन हे तिले तिथं शिकायचं होतं. कॉलेज इंग्रजीत होतं, त्याची फिकीर नव्हती. पण गिरणीत सहा महिने काम करायचं तं स्पॅनिश आली पाहिजे, असा तिथला नियम. मशीनवर हात ठेवायचा, मुकादम काय सांगते ते समजलं नाही तं बोटं जायची. म्हणून संध्याकाळी कॉलेजातच स्पॅनिशचा कोर्स लावला. परीक्षा पास तं गिरणी. नापास तं वर्षभर लायब्ररीत बसून कागद काळे करा अन् घरी या.

त्या कोर्सले बाई होत्या पिलार नावाच्या. उमेरा म्हणे, "काकू, चांगल्या आहेत, पण बोलायले लागल्या की ब्रेकच नाही." तरी पोरगी लेखीत पहिली. क्रियापदं तिनं पाढ्यांसारखी घोटली. मीच शिकवलेले पाढे, सव्वाकी-दिडकीसकट. मले फोनवर म्हणून दाखवायची. मले काही कळत नव्हतं, पण ताल बरोबर होता.

मग एक दिवस पिलारबाईनं तिले वर्ग सुटल्यावर थांबवलं अन् चांगली पाच-दहा मिनिटं काही तरी सांगितलं. जोरात, हातवारे करून. उमेरा उभी, मान डोलवून राह्यली, अन् मधामधात "सी, सी, सी". सी म्हणजे हो. शेवटी बाईनं विचारलं, "समजलं?" ही म्हणे, "सी!" बाई खुश. पाठीवर थाप मारली अन् गेल्या.

पुढच्या तासाले बाईनं तिच्या हातात दुसरंच पुस्तक ठेवलं. हे एवढं जाड! पहिल्या वर्गाचं नाही, दुसऱ्या वर्गाचं. कारण झालं असं होतं की गिरणीनं या वर्षापासून नियम कडक केला, दुसऱ्या वर्गाची परीक्षा पास झालेलाच पोरगा-पोरगी घेणार. बाईनं तिले तेच सांगितलं होतं: तुझं लिहिणं चांगलं आहे, मी तुझं नाव पहिलीतून काढून दुसरीत टाकू का? पण विचार कर, यंदा एकच संधी आहे, नापास झाली तं दोन्ही गेलं. अन् आमची ही पोरगी मान डोलवून म्हणे सी, सी, सी!

मले तिनं हे सांगितलं तेव्हा मी किती भडकली म्हणता! "अवं पण समजलं नाही तं हो काहून म्हटलं? तोंडात मूग भरले होते का?"

"काकू, मी हो म्हटलं नाही. मी फक्त ऐकून राह्यली होती."

"मग जा अन् सांग तसं. म्हणा, बाई, मले समजलं नव्हतं, माहं नाव परत मागं घ्या."

"मागं घेऊन काय करू? पहिली पास झाली तरी गिरणी तं नाहीच ना. आता देतेच मी दुसरी."

आवाजात एक कंप नाही. मले राग आला होता, अन् त्याच वेळी अशी छाती फुगली की काय सांगू. फोन ठेवला अन् आमच्या ह्यांना म्हटलं, "पोरगी पास होते. लिहून ठेवा." हे पेपर वाचून राह्यले होते. म्हणे, "हो हो." काय हो हो, काही ऐकलं नव्हतं त्यांनी.

तेव्हापासून रोज फोन. ती जाड पुस्तकातला एकेक धडा वाचायची अन् मग तोच धडा पुस्तक न पाहता स्पॅनिशमध्ये मले सांगायची. म्हणे, "तिकडं कोणी निवांत ऐकत नाही काकू, सगळे घाईत. तुम्ही ऐका." मले काय, मी भाजी निवडत ऐकायची. एक दिवस तिनं मोठ्ठी गोष्ट सांगितली, हसली बी मधात, मी बी हसली. शेवटी तिनं आपल्या मराठीत विचारलं, "काकू, समजलं?"

"हो हो, समजलं ना."

"काय समजलं? सांगा बरं."

आता घ्या! मी हातातली मेथीची जुडीच उलटीपालटी करून पाहू लागली. मग आम्ही दोघी अशा हसलो, अशा हसलो, की भिंतीपलीकडून सुग्राबी धावत आली, म्हणे काय झालं.

हसणं झालं अन् उमेरा एकदम म्हणाली, "काकू, हेच! हेच झालं माहं त्या दिवशी."

अन् खरंच सांगते, माह्या बी डोक्यात तेव्हाच उजेड पडला. आपल्याकडं शाळेत काय होते? सर फळ्यावर गणित सोडवतात, मागं वळतात अन् म्हणतात, "समजलं?" अख्खा वर्ग एका सुरात, "हो सर!" ज्याले समजलं तो बी, ज्याले नाही समजलं तो बी, अन् ज्याचं ध्यान खिडकीबाहेरच्या बोरीवर आहे तो तं सगळ्यात जोरात. "नाही समजलं" म्हणणारं लेकरू मी यवतमाळात अजून पाह्यलं नाही. म्हणेल कसं? म्हटलं तं सरचा अपमान. म्हटलं तं ढ म्हणून नाव पडते, अन् ते नाव दहावीपर्यंत सोडत नाही. डॉक्टरनं गोळ्या सांगितल्या, हो डॉक्टर. बँकेतल्या पोरीनं काही सांगितलं, हो मॅडम. बाहेर येऊन मग एकमेकाले विचारतो, काय म्हणे वं ती?

उमेरा म्हणे, "मले इतके शब्द पाठ झाले, पण ‘मले समजलं नाही’ हे तोंडातून निघतच नाही. पहिल्याच धड्यात आहे ते."

"मग तेच घोट," मी म्हटलं. "माह्यासमोर म्हण."

तं तिनं म्हटलं, "नो एन्तिएन्दो." किती बारीक आवाजात! ही तीच पोरगी, जिले वक्तृत्व स्पर्धेत माइक लागत नव्हता. मी म्हटलं, अजून जोरात. अजून. ती जोरात म्हणे, मी इकडून तिच्यापेक्षा जोरात म्हणे. आमचे हे पेपर ठेवून बाहेर जाऊन बसले. गल्लीतल्या लोकायले वाटलं काकूले काही तरी झालं.

पण घरात ओरडणं वेगळं, अन् बाईच्या तोंडावर म्हणणं वेगळं. दोन-तीनदा वर्गात तिनं प्रयत्न केला. ओठापर्यंत यायचं अन् त्याच्या जागी "सी" निघायचं. मग स्वतःवरच चिडायची. मी तिले म्हटलं, "चीड. चिडलं की निघते."

परीक्षेच्या दिवशी सुग्राबीनं सकाळपासून नमाजाची जानमाज सोडली नाही. मी बी गजाननापुढं दिवा लावला. स्पॅनिश कोणाले येते काय माहीत, म्हणून दोन्हीकडं सांगून ठेवलं. लेखी आधीच झाली होती, चांगली गेली होती. राह्यली होती तोंडी. संध्याकाळी गनीभाई जिनिंगातून लवकर आले, हातपाय धुऊन फोनसमोर येऊन बसले. मी दोघांच्या मधात. माह्याशिवाय कसं चालेल?

वाजला. व्हिडिओत पोरीचं तोंड दिसलं अन् मले काही विचारायचं कामच पडलं नाही. तरी विचारलं.

"पास!" ती ओरडली. "काकू, पास! सोमवारपासून गिरणीत या म्हणून सांगितलं."

सुग्राबी रडायले लागली, मी बी रडली, काय लपवायचं त्यात. गनीभाई रडले नाहीत. म्हणे, "कसं काय झालं, सांग." बापलेकीचं त्यांच्या घरच्या हिंदीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

ती म्हणे, खोलीत पिलारबाई होत्या अन् गिरणीचा मुकादम होता. पांढरी दाढी, कपाळाले आठ्या. आधी बाईनं घरचं-दारचं विचारलं, यवतमाळ कुठं आहे, तिथं काय पिकते. ते तिनं फाडफाड सांगितलं. मग मुकादमानं एका मशीनचं चित्र समोर ठेवलं अन् सांगायले लागला, धागा अडकला तं मशीन कशी थांबवायची, काय पहिले करायचं, काय नंतर. जलद, गावठी ढंगात, अर्धे शब्द गिळून. सांगून झालं अन् त्यानं नजर वर केली. म्हणे, "समजलं?"

"अब्बा, सी माह्या जिभेवर आलंच होतं. माही मान बी हालली अर्धी. मग मी त्या चित्राकडं पाह्यलं. तिथं दातेरी रूळ होते, आपल्या जिनिंगात असतात तसे. मी म्हटलं, नाही. मले समजलं नाही."

गनीभाई एकदम पुढं सरकले.

ते काहून, हे सांगते आता. जिनिंगात नवीन मशीन आली की कंपनीचा इंजिनिअर येते, कोइमतूरचा नाही तं अहमदाबादचा. तासभर इंग्रजी-हिंदीत समजावते अन् विचारते, समजलं? गनीभाई म्हणतात, हो साहेब. साहेब गेला की रात्रभर मशीन उघडून बसतात, अंदाजानं एकेक नट फिरवत. सारी जिंदगी असंच केलं. सुग्राबी सांगते ना, त्या दिवसांत ते जेवतसुद्धा नाहीत. एका मशीननं त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीचं टोक नेलं. त्या दिवशी बी त्यांनी हो साहेबच म्हटलं होतं.

"तू असं म्हटलं?" त्यांनी विचारलं. "बाईसमोर?"

"दोघांसमोर म्हटलं, अब्बा."

"तोंडावर?"

"तोंडावर."

गनीभाईनं तुटक्या करंगळीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एकदम हळू विचारलं, "मग? साहेब काय म्हणला?"

"काही नाही म्हणला, अब्बा," उमेरा म्हणाली. "त्यानं परत सांगितलं."

"बस? इतकंच?"

"इतकंच."