वाटणीला आलेलं बाळ

मुलाकडे बंगळुरूला राहायला आले, तेव्हा वेळ जावा म्हणून जे. पी. नगरमधल्या मराठी बायकांच्या गटात जाऊ लागले. गरीब मुलींना दप्तरं वाटणं हे आमचं समाजकार्य. चिकपेटहून घाऊक दप्तरं आणायची, फोटो काढायचे, चहा प्यायचा. पण बेळगावकडून इथे आलेल्या एका नववीतल्या मुलीच्या घरी दप्तर नुसतं खिळ्याला लटकलेलं दिसलं. वडील नव्हते, आई सकाळपासून घरकामाला जायची, आणि मुलीच्या कडेवर दात न आलेली बहीण. म्हणून शाळा बंद.

गटात एक अक्का होत्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. त्या म्हणाल्या, "दप्तरं पुरे झाली. बाळ आपण सांभाळू, दर आठवड्याला एकीच्या घरी. पण ऐका, स्वल्प कडक वाटेल. लळा लावायचा नाही. बाळ सगळ्यांकडं राहिलं पाहिजे. सरी?"

आम्ही सरी, म्हणजे ठीक आहे, म्हटलं. सभेत बायका सगळ्यालाच सरी म्हणतात.

मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आणि बाळ माझ्या वाटणीला आलं. मुलगा-सून दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणारे. घरात कुणाला हाक मारावी असं कोणी नव्हतंच. पुढच्या आठवड्यात एकीकडे पाहुणे आले, नंतर एकीचे गुडघे धरले. मी म्हटलं, आणा इकडे. कोणी हरकत घेतली नाही; दुसऱ्याच्या बाळाची शी-शू काढायची हौस कुणाला असते? मी पदर खोचला की ते हात पसरायचं. संध्याकाळी बहीण न्यायला आली की माझ्या गळ्याला मिठी मारून रडायचं, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मुलगी दहावीत गेली. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात मला डेंग्यू झाला. बाळ गटातल्या दुसऱ्या एकीकडे ठेवलं, तर त्यानं दुधाला तोंड लावलं नाही, रडून रडून आवाज बसला. त्या बाईनं घाबरून शाळेत फोन केला. मुलगी गणिताचा पेपर अर्धा टाकून धावत आली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. आई म्हणाली, नकोच ती शाळा.

अक्का माझ्या उशाशी येऊन बसल्या. मला वाटलं, तब्येत विचारायला आल्या.

"मुख्य परीक्षेत हेच झालं तर?" त्या म्हणाल्या. "तिच्या आईची समजूत मी काढते. पण आता बाळ तुमच्याकडं येणार नाही, तुम्हीही बघायला जायचं नाही. विसरू दे त्याला."

मी अंगात ताप असताना त्यांच्याशी भांडले. बाळावर माया केली ही चूक होती, असं मी आजही म्हणणार नाही. पण मुलीनं परीक्षेला बसायलाच हवं, हे मलाही कळत होतं. मी गेले नाही.

बाळ आता गटातल्या बाकीच्यांकडे, बहुतेक पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये असायचं. दुपारी त्याचं रडणं ऐकू आलं की मी मिक्सर लावायचे, वाटायला काही नसलं तरी. हळूहळू रडणं कमी झालं, मग थांबलं. ते थांबणं मला जास्त लागलं.

मुलगी पास झाली. आईला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तिकडे राहायला जाण्याआधी मुलगी पेढे घेऊन आली. "अज्जी, फर्स्ट क्लास आलाय की हो! पीयूसीला नावपण घातलंय." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, अकरावीला सायन्स की कॉमर्स विचारलं. ती काय म्हणाली ते आठवत नाही. मी तिच्या मागे बघत होते. बाळ आता भरभर चालत होतं.

"जा की अज्जीकडं," तिनं त्याला पुढे ढकललं. लिफ्टमधल्या नवख्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं मला निरखलं. मी हात पुढे केले. ते बहिणीच्या ओढणीआड गेलं.

मुलगी ओशाळली. "सगळ्यांकडं जाते हो ती. आजच काय झालंय कुणाला ठाऊक."

"असू दे," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी अक्कांना फोन केला. सांगितलं, मुलगी पास झाली. आणि बाळ मला विसरलं.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. फोन मात्र त्यांनीही ठेवला नाही, मीही नाही.