उसना विस्तव

सन एकोणीसशे त्रेचाळीस. पौष महिना, संक्रांतीच्या आधीचा आठवडा. ग्वाल्हेरची थंडी ज्याने सोसली नाही त्याला ती सांगून कळत नाही, म्हणून सांगत नाही. लढाई चालू होती. लाकूड महाग, कोळसा त्याहून महाग. ज्यांना परवडत नव्हतं ते जिथे फुकट ऊब मिळेल तिथे जाऊन बसायचे. शेकताना हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. किस्से तिथेच साठतात. माझ्याकडे बऱ्याच हिवाळ्यांचे आहेत, पण हा एक हिवाळा पुरे.

आम्ही तिघं होतो. मी फौजेतून नाईक म्हणून सुटलेला. पाय अधू. पागेतली खोगिरं घरी आणून शिवायचो. दुसरे दादाभट, आमच्याच दौलतगंजच्या गल्लीत राहणारे. पूजापाठ करून पोट भरायचे. अंगाने काडी, आवाजाने नगारा. तिसरा बन्नेमियाँ, तांगेवाला. लढाईने सवाऱ्या कमी झाल्या होत्या, त्यामुळे त्याचा घोडा बसून खायचा आणि हा उभा राहून कुडकुडायचा.

माझ्या आणि बन्नेमियाँच्या घरी चूल एकवेळ पेटायची, बस. दादाभटांचं तसं नव्हतं. त्यांची कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पौष लागला आणि मुलगा झाला. मूल अशक्त. सुईण म्हणाली, "खोलीत शेगडी विझता कामा नये. सव्वा महिना. विझली तर मला बोलावू नका."

दादाभटांनी घरातलं सगळं लाकूड, होता नव्हता तो कोळसा, कुसुमच्या खोलीत नेऊन रचला. मग उपरणं कानाला बांधलं आणि बाहेर पडले.

"नाईक, चला. आजपासून माझा संसार गावभर!"

*

पहिला मुक्काम लायब्ररी. बाड्याच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या चौकाच्या, बाजूला एक होती. मोठी लोखंडी शेगडी, भोवती बाकं. नियम एकच. वाचणाऱ्यानेच बसायचं. लायब्ररीवाले जोशी चष्म्यावरून बघत फिरायचे. जो वाचत नसेल तो बाहेर.

दादाभटांना अडचण नव्हती. मला शाळा चौथीपर्यंतची, पण अक्षर लागायचं. बन्नेमियाँला एक अक्षर येत नव्हतं. दादाभटांनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं, मधोमध उघडलं आणि म्हणाले, "खाली बघत राहा."

तो खाली बघत राहिला. तासभर. मानही हलली नाही. अशी नजर मी फौजेत पहाऱ्यावरच्या शिपायाचीही पाहिली नाही.

शेवटी जोशी आले. "मियाँ, घंटा हो गया. पन्ना तो पलटा ही नहीं!"

बन्नेमियाँने मान वर केली नाही. बोट पानावर ठेवलं.

"हुजूर, बड़ी मुश्किल जगह है. समझ में आए तो आगे बढ़ूँ."

जोशींनी त्याच्यासाठी शेगडीत दोन कोळसे जास्त टाकले. असा अभ्यासू वाचक त्यांना वर्षात मिळाला नव्हता!

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमाने विचारलं, "कहाँ तक पहुँचे?" आणि पुस्तक तांगेवाल्याच्या हातात उलटं निघालं असतं तरी चाललं असतं, ते इंग्रजी निघालं. आम्ही उठलो.

*

मग कचेरी. न्यायाधीशांच्या खोलीत भिंतीत आगटी होती आणि केस ऐकायला कुणालाही मनाई नव्हती. एका भिंतीचा खटला चालू होता. दोघं भाऊ. मधली भिंत कुणाची, एवढाच वाद. वकील दोन्हीकडचे दमदार. आम्ही खूश. ही केस होळीपर्यंत जाते, असं दादाभट म्हणाले.

आम्ही रोज वेळेवर जायचो. मागच्या बाकावर, आगटीशेजारी. मी फौजेचा जुना कोट घालून ताठ. दादाभट कपाळाला गंध लावून. बन्नेमियाँ दाढीवरून हात फिरवत. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. बोललो तर शिपाई हाकलतो.

पाचसहा दिवसांनी धाकट्या भावाचा वकील आमच्याकडे वळून वळून बघायला लागला. मग त्याने अशिलाच्या कानात काही सांगितलं. धाकट्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, थोरल्याने साक्षीदार आणून बसवलेत. एक फौजी, एक शास्त्री, एक मौलवी! असे साक्षीदार कुठल्या केसला मिळतात?

त्याच दुपारी धाकट्याने समेट केला. भिंत दोघांची. भाऊ भावाच्या गळ्यात पडला. न्यायाधीशांनी कागद मिटले. खोली बंद.

बाहेर थोरला भाऊ भेटला. डोळ्यात पाणी. दादाभट त्याच्यावर तुटून पडले.

"अहो, एवढी घाई कसली होती? पौष तरी संपू द्यायचा होता!"

*

स्टेशनचाही एक दिवस सांगतो. छोट्या लाइनचं इंजिन प्लॅटफॉर्मला लागलं की सुटेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहिलं तर पाठ चांगली शेकते. पण उगाच उभ्या माणसाला गार्ड हटकतो. म्हणून दादाभट पहिल्या डब्यापाशी उभे राहून निरोप दिल्यासारखा हात हलवायचे.

एके दिवशी त्या डब्यात एक म्हातारी होती. तिने यांचा हात पाहिला आणि तिला रडू फुटलं. "भैया, आप आ गए! मैं तो समझी थी कोई नहीं आएगा!"

दादाभटांनी हात खाली घेतला. मग खिडकीपाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "पहुँचकर चिट्ठी लिखना." आणि स्वतःही रडायला लागले. गाडी सुटली तशी डब्याबरोबर चालत गेले.

परत आल्यावर मी विचारलं, "कोण होती?"

"माहीत नाही."

"मग रडलात कशाला?"

"ती एकटी होती, नाईक." मग नाक पुसून म्हणाले, "आणि इंजिनही लांब गेलं होतं."

*

सराफ्यातल्या देवळात एका व्यापाऱ्याने होम ठेवला. दादाभटांना बोलावणं आलं. अग्नी समोर, तूप यजमानाचं, लाकूड यजमानाचं! मी लोकांत बसलो. बन्नेमियाँ तांगा घेऊन दाराबाहेर.

होम दुपारी संपायचा. संपेना. यजमान उठायला लागला की दादाभट नवा मंत्र सुरू करायचे. शेवटी यजमान म्हणाला, "पंडितजी, ये मंतर तो हो चुका."

"दोनदा म्हणायचा असतो."

"शास्त्र में है?"

"हेमंत ऋतूत आहे."

यजमान परत बसला. सगळं देऊळ परत बसलं. त्यांनाही थंडी होतीच की! तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.

बाहेर आलो तर बन्नेमियाँ घोड्याच्या मानेत हात घालून उभा.

"पंडितजी, मंतर तो बाहर तक आया. आँच नहीं आई."

*

आमची शेवटची जागा म्हणजे रामदीन हलवाई. दौलतगंजच्या तोंडाशी त्याचं दुकान. भट्टी रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे तिच्याभोवती उभं राहायला कुणाची परवानगी लागायची नाही. रामदीन बोलायला फटकळ. "लो, आ गई बारात! दूध मेरा, लकड़ी मेरी, गरमी इनकी!" असं रोज म्हणायचा आणि रोज सरकून जागा द्यायचा.

सव्वा महिन्यातले निम्मे दिवस उरले असताना एका दुपारी दादाभट आले आणि गप्प उभे राहिले. रामदीनने बारात म्हटलं तरी बोलले नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"पंडितजी," बन्नेमियाँ म्हणाला, "आप चुप हैं तो कुछ तो है."

"लाकूड संपलं. सकाळी पाट फोडले. आता पेटीचं झाकण जळतंय." मग हळू म्हणाले, "पोराचे पाय गार लागतात, नाईक. चोळले तरी गार लागतात."

माझ्याकडे खोगिराचे जुने लाकडी सांगाडे होते. ते पागेचे होते, माझे नव्हते. तरी मी म्हटलं, आणतो. ते म्हणाले, नको. फौजेचं लाकूड जाळून नातू जगवायचा नाही.

रामदीन कढईत झारा फिरवत ऐकत होता. मराठी त्याला आमच्याइतकंच समजायचं. त्याने झारा ठेवला, घमेलं घेतलं आणि भट्टीतले लालबुंद निखारे ओढायला लागला.

"ले जाओ. दिया-बत्ती से पहले. उसके बाद भट्टी की आग बाहर नहीं देते, बाप का नियम है."

दादाभटांनी हात मागे घेतले. "मी दक्षिणा घेतो, रामदीन. ती मंत्राची असते. हे कशाचं घेऊ?"

"तो उधार ले जाओ!"

"विस्तव कसा फेडतात?"

"मुझे क्या मालूम! पंडित तुम हो, पोथी में देखो. बच्चा पहले देखो!"

दादाभटांनी घमेलं उचललं.

*

तेव्हापासून रोज संध्याकाळी घमेलं निघायचं. हातात धरून न्यायला जड आणि तापलेलं. बन्नेमियाँ म्हणाला, तांग्यातून नेऊ. तांग्याच्या तळाला विटा, विटांवर घमेलं, त्यावर राख, बाजूला दादाभट पाय वर घेऊन. घोड्याला मागून ऊब लागायची तर तो असा निघायचा की आवरता येईना! "बीस बरस में पहली बार बिना चाबुक के चला है," बन्नेमियाँ म्हणायचा.

एकदा वाटेत एक जाडा कारकून चढला. त्याला फूलबागेला जायचं होतं. "ये आग उतार के चलता हूँ," बन्नेमियाँ म्हणाला.

कारकुनाने पाय घमेल्याकडे केले. डोळे मिटले.

"उतारने की क्या जल्दी है? पहले बाड़े का एक चक्कर लगा लो!"

दादाभटांनी त्याला तिथल्या तिथे खाली उतरवला. भाडं गेलं. बन्नेमियाँने लगाम सैल सोडला. त्यालाही घाई होतीच.

सव्वा महिना भरला त्या दिवशी सुईण आली, पोराचे तळवे गालाला लावून पाहिले आणि म्हणाली, "आता लोळू दे उन्हात." चैत्रात कुसुम मुलाला घेऊन सासरी गेली.

*

ज्येष्ठ आला. ग्वाल्हेरची थंडी सांगितली नाही, तसा उन्हाळाही सांगत नाही. रामदीनच्या दुकानात छताला कापडी पंखा होता. त्याची दोरी ओढणारा गडी लग्नाला म्हणून गावी गेला. रामदीन भट्टीपुढे बसून घामाने निथळत होता. एकदा त्याला घेरीही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाभट आले. उपरणं काढून खुंटीला अडकवलं. भिंतीशी मांडी घातली आणि दोरी हातात घेतली.

रामदीन उभाच राहिला. "पंडितजी! ये क्या कर रहे हो? मुझे पाप चढ़ेगा!"

"तू रबडीकडे बघ. लागेल."

गिऱ्हाइकं थबकायची. सकाळी ज्यांच्या पाया पडलो ते दुपारी हलवायाचा पंखा ओढताहेत! कुणी कुजबुजायचं, कुणी हसायचं. सराफ्यातला तो होमाचा यजमान एकदा पेढे घ्यायला आला. त्याने हात जोडले.

"पंडितजी, नौकरी कर ली?"

"नाही. विस्तव फेडतोय."

यजमानाने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, दादाभटांकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी कांद्याचा रस आणायला माणूस पाठवला. उन्हाची लू लागली असावी, असं म्हणाला.

जितके दिवस विस्तव नेला होता तितके दिवस दादाभट आले. दुपारी बसायचे, दिवेलागणीच्या आधी उठायचे. मी आणि बन्नेमियाँ समोरच्या ओट्यावर बसून बघायचो. मदतीला गेलो तर रागवायचे.

शेवटच्या दिवशी रामदीनने द्रोणात रबडी भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. दादाभटांनी ती बाजूला सारली. सावली रस्त्यापर्यंत गेली तेव्हा दोरी खुंटीला गुंडाळली आणि उपरणं खांद्यावर घेतलं.

"रामदीन, झालं?"

रामदीनने भट्टीवरून मान वर केली.

"हो गया, पंडितजी."

दादाभट घरी गेले.